हेडफोन लावला तरी स्पीकर बोलतोय? लिनक्सवर जॅकचा तपास

ऐरोलीतल्या आमच्या अभ्यासिकेत जागा मिळेल, पंखा मिळेल, चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा, पण हेडफोनशिवाय लेक्चर लावलेलं चालत नाही. तिथले लॅपटॉप महापेच्या एका ऑफिसने भंगारात काढताना देऊन टाकलेले. त्यांवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम, मी चढवलं, म्हणून त्यांचं दुखणंखुपणंही माझ्याकडेच येतं. आणि जुन्या लॅपटॉपचे आधी कान जातात. पोरगं हेडफोनची पिन आत घालतं आणि राज्यघटनेचं लेक्चर स्पीकरवरून अख्ख्या खोलीला ऐकू येतं. नाहीतर उलटं: पिन काढून ठेवली तरी लॅपटॉप मुका, कारण त्याच्या मते हेडफोन अजून लावलेलाच आहे.

माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, एक्स्चेंजमध्ये गेली. हेडफोनच्या प्लगचा पूर्वज १९व्या शतकातल्या टेलिफोन स्विचबोर्डवरचा आहे, त्यामुळे प्लग, स्प्रिंग आणि काँटॅक्ट या मंडळींचे नखरे मला ठाऊक आहेत. इंटरनेटवर मात्र या तक्रारीला ठरलेलं उत्तर मिळतं: अमुक फाइलीत तमुक ओळ घाला आणि रिबूट करा. ती ओळ दुसऱ्या कुणाच्या दुसऱ्याच लॅपटॉपसाठी असते. माझं म्हणणं इतकंच की ओळ घालण्याआधी लॅपटॉपला विचारा, तुला पिन दिसली का? ते विचारायला एक मिनिट लागतं आणि अर्धा तपास तिथेच संपतो.

आवाज वेगळा, चाहूल वेगळी

जॅकच्या भोकात दोन स्वतंत्र कामं चालतात. डाव्या-उजव्या कानाचा आवाज वाहून नेणाऱ्या पट्ट्या एकीकडे. त्यांच्या शेजारी एक छोटा स्विच, ज्याचा आवाजाशी काही संबंध नाही. पिन आली की गेली एवढंच तो सांगतो. ठाणे स्टेशनवर इंडिकेटर आणि गाडी यांचं जे नातं, तेच इथे. इंडिकेटर बिघडला म्हणून गाडी बंद पडत नाही, फक्त माणसं चुकीच्या जागी उभी राहतात.

या स्विचची बातमी साउंड चिपला, म्हणजे कोडेकला, कशी कळते ते बघण्यासारखं आहे. कोडेकच्या ‘सेन्स’ नावाच्या पायाला प्रत्येक जॅक वेगवेगळ्या मापाच्या रेझिस्टरमधून जोडलेला असतो. ठरलेली मापं ३९.२, २०, १० आणि ५.१ किलोओहम. कुठला रेझिस्टर जोडला गेला ते मोजून कोडेक ओळखतो की कुठल्या जॅकमध्ये पिन आली. मग तो लिनक्सच्या ड्रायव्हरला निरोप धाडतो. स्विचच्या काँटॅक्टवर ओल किंवा काजळी बसली की हे मोजमाप बिघडतं, आणि आवाजाच्या तारा धडधाकट असूनही लॅपटॉपला पिन ‘दिसत’ नाही.

निरोप पोचल्यावर दोन जणं त्यावर हालचाल करतात. खाली कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर स्पीकर गप्प करतो. याला ‘ऑटो-म्यूट’ म्हणतात. वर साउंड सर्व्हर, म्हणजे प्रोग्रामांचा आवाज कार्डापर्यंत पोचवणारा पल्सऑडिओ किंवा पाइपवायर, आपला ‘पोर्ट’, म्हणजे आवाज बाहेर पडायची वाट, स्पीकरवरून हेडफोनवर वळवतो. मिंट २१ मध्ये पल्सऑडिओ होतं, मिंट २२ पासून पाइपवायर आहे, लिनक्सच्या इतर घराण्यांपैकी उबुंटूने २२.१० ला आणि फेडोराने ३४ ला हा बदल केला. एकच निरोप, दोन ऐकणारे. एकाने ऐकलं आणि दुसऱ्याने नाही, की दोन्हीकडून आवाज किंवा कुठूनच नाही, असले चमत्कार सुरू होतात.

पहिल्यांदा भोक बघा

हेडफोन बदलून बघा. हसू नका. जाड कव्हर असलेल्या मोबाइलसाठी घेतलेली पिन कधी लांब मानेची असते, कधी आखूड, आणि पिन शेवटचा ‘टक्’ होईपर्यंत आत गेली नाही तर स्विच दाबलाच जात नाही. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांची तक्रार दुसऱ्याचा हेडफोन लावल्याबरोबर मिटते.

मग टॉर्च लावून आत बघा. खिशातला कापसासारखा मऊ कचरा पिनेने आत रेटला जाऊन तळाशी घट्ट बसलेला असतो. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कडेकडेने कोरा. सेफ्टी पिन, टाचणी, केसांचा आकडा यातलं काहीही आत घालायचं नाही. पट्टी एकदा वाकली की परत सरळ होत नाही. तोंडाने फुंकायचंही नाही, वाफ आत जाते. कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर असेल तर उत्तम.

आमच्या भागात खाडी आणि तिवरं हाकेच्या अंतरावर. जून ते सप्टेंबर काँटॅक्ट काळे पडायला निमित्त लागत नाही. त्यावर एक्स्चेंजमधला जुना उपाय चालतो: बंद लॅपटॉपमध्ये पिन सावकाश आत-बाहेर करत राहायची, थोडी फिरवत. घासून काँटॅक्ट स्वतःच साफ होतो. तेवढ्याने भागलं नाही तर पिनेच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर हात लावून तेच करा आणि पूर्ण सुकू द्या. दारं-कडीकोयंड्यांना मारायचा तेलकट स्प्रे जॅकमध्ये मारू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

जुनं मॅकबुक असेल आणि जॅकमधून लाल उजेड येत असेल, तर गोष्ट वेगळी. त्या जॅकमध्ये ऑप्टिकल आउटपुटही असतं, आणि स्विच अडकला की लॅपटॉपला वाटतं डिजिटल केबल लावली आहे. तिथेही टूथपिकच कामाला येते.

पेनड्राइव्हवरून एक चाचणी

सेटिंगमध्ये हात घालण्यापूर्वी ताज्या लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करा, काही इन्स्टॉल करू नका, आणि हेडफोन लावून बघा. तिथे नीट चालला तर हार्डवेअर ठणठणीत आहे, गडबड तुमच्या सेटिंगमध्ये किंवा जुन्या कर्नलमध्ये आहे. तिथेही तीच रड असेल तर सेटिंग उलथीपालथी करण्यात अर्थ नाही; ड्रायव्हर किंवा जॅक, दोघांपैकी एक.

लॅपटॉपवर विंडोजही असेल तर आणखी एक भानगड तपासा. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं की शट डाउन म्हटलं तरी ते पूर्ण बंद होत नाही. विंडोजमधून रीस्टार्ट करून थेट लिनक्समध्ये आलात तर कोडेक कधी कधी विंडोजने सोडलेल्या अवस्थेतच राहतो, आणि हेडफोन मुका. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, थोडं थांबा, मग थेट लिनक्स चालू करा. आवाज आला तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करून टाका.

आता टर्मिनल: पिन दिसते का?

टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. कमांड मी पोरांना फोनवर सांगते तशाच इथे लिहिते. सगळी इंग्रजी अक्षरं, आणि मी वेगळं सांगितलं नाही तर सगळी लहान. ‘स्पेस’ म्हटलं तिथे मोकळी जागा सोडायची.

पहिली कमांड: ‘ए-प्ले’ हा शब्द जोडून (ए पी एल ए वाय), स्पेस, डॅश, एल. एंटर मारल्यावर साउंड कार्डांची यादी येते. त्यात ‘अ‍ॅनालॉग’ लिहिलेली ओळ शोधा आणि तिच्या सुरुवातीचा कार्ड नंबर लक्षात ठेवा. बहुतेक ठिकाणी तो शून्य असतो, पण इंटेलच्या काही पिढ्यांमध्ये शून्यावर एचडीएमआय, म्हणजे टीव्ही-मॉनिटरच्या केबलची वाट, बसलेलं असतं आणि खरं कार्ड एक नंबरला. अर्धे लोक इथेच चुकीच्या कार्डाशी झटापट करत बसतात.

यादी रिकामी असेल आणि सेटिंगमध्ये ‘डमी आउटपुट’ दिसत असेल तर जॅकचा प्रश्नच नाही, कार्डच सापडलेलं नाही. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपांत आवाजाचं काम एका डीएसपीकडे, म्हणजे आवाजासाठीच्या खास प्रोसेसरकडे, असतं आणि त्याला ‘साउंड ओपन फर्मवेअर’, म्हणजे सोफ, लागतं. उबुंटू आणि डेबियनवर ‘फर्मवेअर-सोफ-साइन्ड’ आणि फेडोरावर ‘अल्सा-सोफ-फर्मवेअर’ हे पॅकेज बसवा आणि रीस्टार्ट करा. ते झाल्यावर पुढे वाचा.

कार्ड सापडलं की मुख्य प्रश्न विचारायची कमांड. ‘ए-मिक्सर’ जोडून (ए एम आय एक्स ई आर), स्पेस, डॅश सी, स्पेस, कार्ड नंबर, स्पेस, ‘कंटेंट्स’. मग स्पेस, उभी रेघ, स्पेस, ‘ग्रेप’ (जी आर ई पी), स्पेस, डॅश कॅपिटल ए, स्पेस, २, स्पेस, ‘जॅक’ (जे ए सी के), त्यातलं पहिलं अक्षर कॅपिटल.

पडद्यावर प्रत्येक जॅकच्या तीन ओळी येतील. नाव ‘हेडफोन जॅक’ किंवा ‘फ्रंट हेडफोन जॅक’ असं असेल, आणि तिसऱ्या ओळीत ‘व्हॅल्यूज’ ऑन किंवा ऑफ. हेडफोन काढून कमांड द्या, लावून पुन्हा द्या. किंवा ‘अल्सा-सीटीएल’ जोडून (ए एल एस ए सी टी एल), स्पेस, ‘मॉनिटर’ एवढं देऊन समोर बसा आणि पिन आत-बाहेर करा. बातमी पोचत असेल तर प्रत्येक वेळी नवी ओळ उमटते. ‘डिव्हाइस’ म्हणून यूएसबीचं काही दाखवत असेल तर ते सोडून द्या, हेडफोन जॅकची ओळ बघा.

या एका कमांडवरून पुढची वाट ठरते. उत्तर बदलत असेल तर कर्नलला पिन दिसते आहे, जॅक निर्दोष, दोष वरच्या मजल्यावर. उत्तर कायम एकच राहत असेल तर दोष स्विचमध्ये किंवा निरोपात. आणि नावातच ‘हेडफोन फँटम जॅक’ असं आलं, तर कर्नलची समजूत अशी आहे की या जॅकला स्विचच नाही. ‘स्पीकर फँटम जॅक’ दिसला तर मात्र दचकू नका. लॅपटॉपचा स्पीकर कोणी काढत-घालत नाही, म्हणून त्याच्यापुढे ‘फँटम’ असणारच.

उत्तर बदलतं, तरी आवाज चुकीच्या जागी

हे दुखणं सगळ्यांत जास्त आढळतं आणि सगळ्यांत सोपं आहे. ‘अल्सा-मिक्सर’ जोडून टाइप करा (ए एल एस ए, पुढे मिक्सर). निळ्या-काळ्या उभ्या पट्ट्यांचा पडदा उघडतो. वर कार्डाचं नाव पल्सऑडिओ किंवा पाइपवायर असेल तर तो मुखवटा आहे. एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. मग पट्ट्या वाढतील. प्रत्येक पट्टीच्या तळाशी एक चौकट असते: ‘एमएम’ म्हणजे तोंड बंद, शून्य शून्य म्हणजे उघडं. बाणाने त्या पट्टीवर जा आणि एम दाबा. मास्टर, हेडफोन, स्पीकर आणि पीसीएम या चौघांकडे बघा. हेडफोनच्या पट्टीवर एमएम असेल आणि आवाज शून्याला असेल, तर बाकी जगात काहीही केलं तरी हेडफोनमध्ये काही येणार नाही.

उजव्या टोकाला जात राहिलात की ‘ऑटो-म्यूट मोड’ सापडतो. अभ्यासिकेसारख्या जागी तो ‘एनेबल्ड’ हवाच. पिन लावूनही स्पीकर बोलतो याचं कारण बऱ्याचदा इथे ‘डिसेबल्ड’ निघतं. उलट तुमच्या जॅकचा स्विच अडकून बसला असेल आणि स्पीकर कायमचा मुका झाला असेल, तर हेच डिसेबल करणं ही तात्पुरती सुटका. एस्केप दाबून बाहेर या, आणि बदल टिकायला हवा असेल तर ‘सुडो’ (एस यू डी ओ, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने), स्पेस, ‘अल्सा-सीटीएल’, स्पेस, ‘स्टोअर’ द्या. नाहीतर रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अल्सा-मिक्सरमध्ये सगळं ठीक, तरी गडबड? मग साउंड सर्व्हर. ‘पाव्हू-कंट्रोल’ नावाचा प्रोग्राम (पी ए व्ही यू कंट्रोल) सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. मिंटचं स्वतःचं साउंड सेटिंग दिसायला गोड आहे, पण तपासाला हे खरं. ‘आउटपुट डिव्हाइसेस’ या टॅबमध्ये पोर्टची यादी असते: स्पीकर्स, हेडफोन्स, आणि पुढे कधी ‘अनप्लग्ड’. हेडफोन लावलेला असताना पोर्ट स्पीकरवरच अडकलेला दिसला तर हाताने बदला. पोर्ट स्पीकरवर असताना साउंड सर्व्हर हेडफोनचा स्विच स्वतःच बंद ठेवतो. म्हणून कर्नलला पिन दिसत असूनही कानात काही येत नाही. ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये प्रोफाइल ‘अ‍ॅनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स’ आहे ना तेही बघा. टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला केबल लावून काढल्यावर ते एचडीएमआयवर जाऊन बसलेलं मला कैकदा सापडलं आहे.

हाताने बदललं की चालतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं असेल तर साउंड सर्व्हरने कुठली तरी जुनी आवड मनात धरून ठेवली आहे. पाइपवायरमध्ये ही स्मरणवही वायरप्लंबर नावाचा त्याचा जोडीदार प्रोग्राम ठेवतो. तुमच्या होम फोल्डरमध्ये लपलेलं ‘डॉट लोकल’ फोल्डर, त्यात ‘स्टेट’, त्यात ‘वायरप्लंबर’. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात. ‘वायरप्लंबर’ला पुसू नका, नाव बदलून ‘जुना’ करा, आणि लॉगआउट करून परत या. पल्सऑडिओवर हीच गोष्ट ‘डॉट कॉन्फिग’मधल्या ‘पल्स’ फोल्डरची.

उत्तर एकच राहतं

पिन काढलेली आणि उत्तर कायम ‘ऑन’: स्विच अडकला आहे. साफसफाई पुन्हा, या वेळी मन लावून. पिन लावलेली आणि उत्तर कायम ‘ऑफ’: तेही बऱ्याचदा घाणच. पण एक परीक्षा घ्या. पिन लावून ठेवा आणि लॅपटॉप बंद करून चालू करा. चालू होताना पिन ओळखली गेली, पण नंतर काढली-घातलेली कळत नाही, असं असेल तर स्विच चांगला आहे, कोडेक निरोप धाडत नाही किंवा तो पोचत नाही. अशा वेळी ड्रायव्हरला सांगता येतं की बाबा, निरोपाची वाट बघू नको, तूच अधूनमधून डोकावून बघ. त्यासाठी ईटीसी फोल्डरमधल्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ या फोल्डरात एक नवी फाइल, शेवटी ‘डॉट कॉन्फ’ असलेली, सुडोने बनवा. त्यात एकच ओळ: ‘ऑप्शन्स’, स्पेस, ‘एसएनडी-एचडीए-इंटेल’ (मध्ये डॅश), स्पेस, ‘जॅकपोल अंडरस्कोर एमएस’, बरोबरचं चिन्ह, ५००. म्हणजे दर ५०० मिलिसेकंदांनी तपास. रीस्टार्ट करा. अर्ध्या सेकंदाचा उशीर कुणाला जाणवत नाही.

उत्तर बदलतं पण उलटं, म्हणजे लावल्यावर ऑफ आणि काढल्यावर ऑन, असाही प्रकार असतो. त्या लॅपटॉपमध्ये स्विचची जोडणीच उलटी आहे. त्याचं औषध पुढच्या भागातल्या प्रोग्राममध्ये आहे: ‘पार्सर हिंट्स’ची खूण केली की ‘इन्व्ह-जॅक-डिटेक्ट’ नावाची सोय उघडते, ती ‘येस’ करा.

फँटम जॅक आणि कोडेकच्या पायांची नोंद

लॅपटॉप बनवणारी कंपनी कोडेकच्या प्रत्येक पायाची एक नोंद बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होताना आधी धावणाऱ्या प्रोग्राममध्ये, लिहून ठेवते: हा पाय स्पीकरचा, हा हेडफोनचा, याला स्विच आहे की नाही. लिनक्सचा ड्रायव्हर हीच नोंद खरी मानतो. विंडोजचा ड्रायव्हर कंपनीने स्वतः दिलेला असतो, त्यामुळे नोंद चुकीची असली तरी तिथे भागून जातं. म्हणूनच ‘विंडोजवर तर चालतं’ हे वाक्य ऐकलं की माझा संशय नोंदीवर जातो.

ती दुरुस्त करायला ‘एचडीए-जॅक-रीटास्क’ हा प्रोग्राम आहे. मिंट, उबुंटू, डेबियनवर ‘अल्सा-टूल्स-जीयूआय’ या पॅकेजमध्ये येतो. उघडल्यावर वरच्या यादीतून कोडेक निवडा. रिअलटेक, कोनेक्झंट वगैरे, इंटेलचं एचडीएमआय नव्हे. खाली एकेक पाय दिसतो, नंबर हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेला. रिअलटेकच्या चिपवर बहुधा ०एक्स१४ हा आतला स्पीकर आणि ०एक्स१५ किंवा ०एक्स२१ हा हेडफोन. हेडफोनची ओळच दिसत नसेल तर ‘शो अनकनेक्टेड पिन्स’ची खूण करा.

त्या ओळीवर ‘ओव्हरराइड’ची खूण करून यादीतून ‘हेडफोन’ निवडा. मग उजवीकडे ‘अ‍ॅडव्हान्स्ड ओव्हरराइड’ चालू करा. खूप खाने उघडतील, त्यातला ‘जॅक डिटेक्शन’ एवढाच बघा आणि ‘प्रेझेंट’ करा. बाकीचे खाने शहाणपणा करून बदलायला जाऊ नका. स्पीकरच्या पायाला तर हातच लावू नका. ‘अप्लाय नाऊ’ दाबल्यावर ‘डिव्हाइस बिझी’ म्हणून कुरकुरला तर घाबरायचं कारण नाही, साउंड सर्व्हरने कार्ड धरून ठेवलेलं असतं. सरळ ‘इन्स्टॉल बूट ओव्हरराइड’ दाबा आणि रीस्टार्ट करा. मग पुन्हा ती ए-मिक्सरची कमांड. नावातला ‘फँटम’ गेला आणि ऑन-ऑफ बदलू लागलं की काम फत्ते. काही बिनसलं तर त्याच प्रोग्राममधलं ‘रिमूव्ह बूट ओव्हरराइड’ सगळं पूर्ववत करतं. या पद्धतीवर माझा जीव आहे तो याच बटणासाठी.

आता ती इंटरनेटवरची प्रसिद्ध ओळ, ‘मॉडेल बरोबर अमुकतमुक’. ती खोटी नाही. कर्नलच्या कागदपत्रांत कोडेकनिहाय मॉडेलांची यादी आहे, आणि डेलच्या चार पट्ट्यांच्या जॅकवाल्या लॅपटॉपांना ‘डेल-हेडसेट-मल्टी’ने खरोखर गुण येतो. पण आधी आपला कोडेक कुठला ते बघा: प्रॉक फोल्डरात ‘एसाउंड’, त्यात ‘कार्ड’ आणि नंबर, त्यात ‘कोडेक’ नावाची फाइल, पहिल्याच ओळीत नाव. त्या कोडेकच्या यादीत नसलेलं मॉडेल घालणं म्हणजे डोळे मिटून फ्यूज बदलणं. शिवाय सोफ ड्रायव्हर चालू असलेल्या नव्या लॅपटॉपवर ही ओळ जशीच्या तशी लागूच होत नाही, लोक घालतात आणि मग ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणतात. फरक पडला नाही तर ओळ लगेच काढा. माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपमध्ये अशा जुन्या ओळींची वंशावळच सापडली होती.

माइकवाले हेडसेट

पिनेवर दोन काळ्या रिंगा म्हणजे तीन भाग, फक्त ऐकायचं. तीन काळ्या रिंगा म्हणजे चार भाग, माइकसकट. माइक आणि ग्राउंड कुठल्या भागावर याच्या दोन रीती आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी. जुन्या मोबाइलबरोबर आलेला ओएमटीपी हेडसेट आजच्या लॅपटॉपला लावला की आवाज पोकळ येतो, गाण्यातलं गाणं गायब आणि वाद्यं तेवढी उरतात. माइकचं बटण दाबून धरलं की नीट होतं. ही सॉफ्टवेअरची गोष्ट नाही, त्याला अडॉप्टर लागतो.

लॅपटॉपला एकच भोक असेल तर हेडफोन, हेडसेट की नुसता माइक हे काही मशीनना स्वतः कळत नाही. मग पिन लावल्यावर डेस्कटॉप विचारतो, काय लावलंत? पोरं घाईत खिडकी बंद करतात आणि मग माइक चालत नाही म्हणून येतात. तिथे ‘हेडसेट’ निवडा. खिडकी येतच नसेल तर पाव्हू-कंट्रोलच्या ‘इनपुट डिव्हाइसेस’मध्ये पोर्ट ‘हेडसेट मायक्रोफोन’ करा.

जॅकच मेला असेल तर

पेनड्राइव्हवर चालत नाही, विंडोजवर चालत नाही, पिन हलवली की खरखर येते. जॅक गेला. दुकानात नेण्याआधी आपल्या मॉडेलचा जॅक मदरबोर्डवर आहे की यूएसबीबरोबर वेगळ्या छोट्या बोर्डावर, ते शोधून ठेवा. वेगळा बोर्ड असेल तर तो रिबन केबलसकट बदलला जातो आणि काम स्वस्तात उरकतं. जुना बोर्ड मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला हुडकता येतो. मदरबोर्डवर टाका मारायचा असेल तर मजुरी आधी विचारा.

फक्त स्विच मेला आहे आणि आवाजाच्या तारा शाबूत आहेत, अशा वेळी मी दुरुस्तीच्या फंदात पडत नाही. ऑटो-म्यूट डिसेबल करते आणि कीबोर्डला दोन शॉर्टकट देते. कमांड अशी: ‘पी ए सी टी एल’, स्पेस, ‘सेट-सिंक-पोर्ट’ (मध्ये डॅश), स्पेस, ‘डिफॉल्ट अंडरस्कोर सिंक’ कॅपिटलमध्ये आणि दोन्ही बाजूंना अ‍ॅटचं चिन्ह, स्पेस, ‘अ‍ॅनालॉग-आउटपुट-हेडफोन्स’. दुसऱ्या शॉर्टकटला शेवटी ‘अ‍ॅनालॉग-आउटपुट-स्पीकर’. पोर्टची तुमच्याकडची नेमकी नावं ‘पी ए सी टी एल’, स्पेस, ‘लिस्ट’, स्पेस, ‘सिंक्स’ दिल्यावर ‘पोर्ट्स’ या शब्दाखाली दिसतात. सोफवाल्या लॅपटॉपांत ती वेगळी असतात, तिथून बघून घ्या.

तारांचाही भरवसा उरला नसेल तर यूएसबीचा छोटा साउंड डोंगल घ्या. लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लावला की तो स्वतंत्र कार्ड म्हणून उभा राहतो. पाव्हू-कंट्रोलमध्ये त्याच्यापुढची हिरवी खूण दाबून त्याला डिफॉल्ट करा, आणि ‘कॉन्फिगरेशन’मध्ये आतल्या कार्डाचं प्रोफाइल ‘ऑफ’ करून टाका. हे दुसरं काम अभ्यासिकेत विसरायचं नाही: डोंगल कोणी घरी घेऊन गेलं, तर आतला स्पीकर बंदच राहतो आणि लेक्चर खोलीभर होत नाही.